मालगाडीले टाइमटेबल नसते

दादा मंगळवारी गेला. वहिनींचा फोन सकाळी साडेसहाला आला. "ताई, हे उठून नाही राहिले," एवढंच त्या म्हणाल्या. मी गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि ऑटो केला. सक्करदऱ्याहून त्याच्या घरी पोचायला पाऊण तास लागला. तोवर डॉक्टर येऊन गेले होते.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. लिहिण्याची सवय नाही असं नाही. चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, त्यात स्मरणिका, अहवाल, निरोपाची भाषणं पुष्कळ लिहून दिली. अडचण वेगळी आहे. जलदानविधीच्या दिवशी जो तो उठून दादाबद्दल दोन शब्द बोलला आणि प्रत्येकाच्या बोलण्यात तो एक गमतीचा माणूस होता. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्याच्याबरोबर तीस वर्षं काम केलेले एक गृहस्थ म्हणाले की दिवाकरभाऊ गाड्यांचा पागल होता, पोरीच्या सोयरिकीला निघाला आणि वाटेत नवीन इंजिन दिसलं म्हणून स्कूटर लावून उभा राहिला, पाहुणे तिकडे वाट पाहत बसले. लोक हसले. वहिनीही हसल्या. गोष्ट खरीच आहे, मला माहीत होती. पण मला राग आला, आणि तो सांगणाऱ्याचा की दादाचा की माझा स्वतःचा, ते काही मला ठरवता आलं नाही. मग मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं बहिणीला गहिवरून आलं आहे. तसं नव्हतं. ज्याच्याशी नऊ वर्षं कामापुरतं बोलत होते त्याच्याबद्दल पाच मिनिटांत काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

आमचं घर शहराच्या उत्तरेला, इटारसीकडे जाणाऱ्या लाइनच्या अलीकडे. बाबा मिलमध्ये होते. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. घरापासून दहा मिनिटांवर रेल्वेचं फाटक, आणि रविवारी सकाळी दादा मला बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसवून तिथे न्यायचा. मला न्यायचं कारण प्रेम वगैरे काही नव्हतं. त्याचं अक्षर वाईट होतं आणि माझं चांगलं होतं. गाडी आली की तो इंजिनाचा नंबर मोठ्यानं वाचायचा आणि मी वहीत लिहायची. नंबर, शेडचं नाव, वेळ, गाडी वर चालली की खाली, म्हणजे अप की डाउन. मालगाडी असेल तर वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मोजायच्या. इंजिन किती जोरात जातं ते उभ्या माणसाला कळत नाही, पाच आकडे वाचून होईतो ते निघून गेलेलं असतं. दादाचा नंबर क्वचितच चुकायचा. माझा चुकला तर मात्र घरी येईपर्यंत ऐकून घ्यावं लागायचं. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी खास गाड्या यायच्या, तेव्हा तर आम्ही डबा घेऊन जायचो. त्या गाड्यांतली माणसं खिडकीतून आम्हाला हात करायची, मी हात करायची, आणि दादा म्हणायचा, "हात काहून हलवून राहिली वं, लिही आधी."

फाटकाच्या बरंच अलीकडे लाइनीला लागून एक पिवळी पाटी होती. तिच्यावर 'सी/फा' एवढंच लिहिलेलं.

"याचा अर्थ काय?" मी एकदा विचारलं.

"सीटी, फाटक. समोर फाटक आहे, सीटी वाजव. ड्रायव्हरसाठी आहे ते."

"मग तसं नीट लिहीत का नाहीत?"

"तो काय तुझ्यासारखा पुस्तक वाचत बसला आहे का तिथं?"

फाटक कसं चालतं हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं. वर्गातल्या एकाही मुलीला ते माहीत नव्हतं आणि त्याचा मला काही उपयोगही नव्हता. दादा सांगायचा, "लोकांले वाटते, गाडी आली म्हणून फाटक बंद होते. उलटं आहे नलू. फाटक बंद होते म्हणून गाडी येते." स्टेशन मास्तरचा फोन फाटकाजवळच्या केबिनमध्ये येतो. गेटमन दोन्हीकडचे दांडे खाली करतो, कुलूप लावतो, आणि ते कुलूप लागल्याशिवाय गाडीचा सिग्नल हिरवा होतच नाही. तशी जोडणीच केलेली असते. आणि एकदा सिग्नल हिरवा झाला की उलट बाजूनं तीच जोडणी फाटकाला धरून ठेवते. मग गेटमननं कितीही जोर लावला तरी दांडा वर जात नाही. सिग्नल परत लाल करावा लागतो, तेही मास्तरला विचारून, आणि तरी काही वेळ जाऊ द्यावा लागतो, कारण जी गाडी सिग्नल ओलांडून पुढे आली आहे तिला आता लाल दिवा कोण दाखवणार? भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावर एक दीड किलोमीटर तशीच येत राहते. हॉर्न वाजवणाऱ्या, गेटमनला शिव्या देणाऱ्या, दांड्याखालून वाकून जाणाऱ्या लोकांकडे दादा अशा नजरेनं पाहायचा जसं एखाद्यानं भरवर्गात पाढा चुकवला आहे. एक गाडी गेली आणि फाटक उघडलं नाही की लोक चिडतात. दादा त्यांना सांगायचा, "दुसरी आहे, थांबा." कोणी ऐकायचं नाही.

तो असाच होता. कशाचंही स्पष्टीकरण द्यायचा. कुकरची शिट्टी का होते, खापरखेड्याच्या त्या मोठ्या टॉवरमधून निघते ती वाफ असते, धूर नसतो, हे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागायचं. मला ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात तो बघायला आला आणि कार्डांचे खण उघडून त्यानं मलाच, माझ्या दोन सहकाऱ्यांसमोर, ही कार्डं कशी लावायला हवीत ते अर्धा तास सांगितलं. त्यातलं अर्धं बरोबर होतं, हे आणखी त्रासाचं. वीज केंद्रात तो कोळसा उतरवून घेण्याच्या विभागात होता. तिथे त्याला दिवसभर मालगाड्यांची वाट पाहायचा पगार मिळायचा, असं बाबा म्हणायचे. कोळशाची गाडी कधी येणार हे तिथं कोणीच सांगू शकायचं नाही. दुपारी येणार म्हटली तर पहाटे यायची. घरी आला की दादा हात झटकून सांगायचा, "मालगाडीले टाइमटेबल नसते बाबा. तिले जागा भेटली का ते निघते." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. म्हणूनच पुढे जे झालं ते मला कधी समजलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीचा तो सोमवार. मी सुट्टी काढून बाबांकडे गेले होते. दादा निवृत्त होऊन बाबांजवळच राहायला आला होता. दुपारी जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं आहे. त्यांना घाम सुटला होता. वहिनींनी गल्लीच्या तोंडाशी असलेला ऑटो आणला. बाबांना मधे बसवलं, एका बाजूला मी, एका बाजूला दादा. दवाखाना लाइनीच्या पलीकडे. जायला दोन रस्ते होते. एक फाटकावरून, जवळचा. दुसरा पुलावरून, वळसा घेऊन, बाजारातून जाणारा.

"फाटकाकडून घेऊ का पुलाकडून?" ऑटोवाल्यानं विचारलं.

दादानं घड्याळ पाहिलं. "फाटकाकडून घे. दोन वीसपर्यंत कोणती गाडी नाही."

मला हे वाक्य त्याच्या आवाजासकट आठवतं. आम्ही चार मिनिटांत फाटकाशी पोचलो आणि आमच्या डोळ्यांसमोर दांडा खाली आला. आमच्या पुढे दोन मोटारी होत्या. मागे बघता बघता ट्रॅक्टर, दुचाक्या, शाळेची गाडी, सगळं येऊन भिडलं. उलट फिरायला जागा उरली नाही. बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी दादाला म्हटलं, तू ओळखतोस ना त्या गेटमनला, जा आणि सांग त्याला. दादा उतरला आणि गाड्यांमधून वाट काढत केबिनकडे गेला. एक मालगाडी गेली. फाटक उघडलं नाही. मला ऑटोतून दिसत होतं, केबिनच्या दाराशी दादा उभा होता आणि त्यानं गेटमनचा हात दोन्ही हातांत धरला होता. मला वाटलं तो विनवण्या करतो आहे. मग दुसऱ्या बाजूनं दुसरी मालगाडी आली... खूप लांब होती. बाबा तेव्हा काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. डॉक्टर हे वाक्य कितीजणांना म्हणत असतील कुणास ठाऊक. त्यांचं काम झालं, आमच्या घरात ते वाक्य राहिलं. बाहेर बाकावर दादा माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "नलू, ते दोन मालगाड्या लागोपाठ..." त्याच्या आवाजात तोच सूर होता, रविवारचा, कुकरच्या शिट्टीचा, कार्डांच्या खणांचा. मी म्हटलं, "मला समजावून सांगू नकोस दादा. यापुढे मला काहीही समजावून सांगू नकोस."

तो गप्प झाला. मला वाटलं, आत्तापुरता.

आमचं भांडण झालं नाही. लोकांना सांगता येईल असं काहीच झालं नाही. मी राखी बांधायला जात होते, तो भाऊबीजेला येत होता, भाचीच्या लग्नात आम्ही शेजारी शेजारी उभं राहून फुलं वाटली. माझ्याकडे काही बिघडलं की वहिनी त्याला पाठवायच्या. तो यायचा, पिशवीतून पाना काढायचा, नळ दुरुस्त करायचा, हात धुऊन चहा प्यायचा आणि जायचा. नळ का गळत होता ते सांगायचा नाही. एकदा इन्व्हर्टर बसवला तेव्हा मीच विचारलं, हा दिवा लाल का झाला? "काही नाही, होते ठीक," तो म्हणाला. ज्या माणसाला पाहुण्याच्या सहा वर्षांच्या पोरालाही वाफेचं गणित सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं त्यानं मला फक्त 'काही नाही' म्हणावं, याचा मी सरळ अर्थ काढला की तो रुसला आहे. चूक स्वतः करायची आणि वर रुसायचं, असं मी नऊ वर्षं मनात म्हणत राहिले. तो जाण्याच्या तीन आठवडे आधी घराच्या कागदांवर सही घ्यायला आला होता. चहा पिताना दूर कुठेतरी इंजिनाची शिट्टी ऐकू आली. त्यानं सवयीनं मान तिरकी केली, ओठ हलले, मग माझ्याकडे पाहिलं आणि कप उचलला. मी त्याला विचारू शकले असते, कोणती रे गाडी? तेवढ्यानं सुरुवात झाली असती. मी विचारलं, साखर कमी आहे का?

जलदानविधीला मागच्या रांगेत एक माणूस बसला होता, पांढरे केस, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. सगळे जेवायला उठले तेव्हा तो माझ्याकडे आला. "दीदी, ओळखलं का? मी रामदीन. फाटकवाला." मला ओळख पटली नाही, पटायचं कारणही नव्हतं. ते फाटक आता नाही. दोन वर्षांपूर्वी त्यावरून उड्डाणपूल झाला आणि लाइनीच्या दोन्ही बाजूंना भिंत घातली. रामदीन त्याआधीच निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलेला. तो उभ्या उभ्याच बोलायला लागला.

"त्या दिवशी बाबूजींना घेऊन तुम्ही ऑटोत होता. साहेब माझ्याकडे आले. मी मास्तरला फोन केला. मास्तर बोलले, डाउन गाडी निघून आली आहे, नाही होत. पहिली गाडी गेली ना दीदी, तेव्हा मी म्हटलं, साहेब, चावी तोडतो. इमर्जन्सीची चावी असते काचेच्या पेटीत, सील लावलेली, तिनं सिग्नल हिरवा असला तरी फाटक उघडतं. माझा हात पेटीवर गेला होता. साहेबांनी माझा हात धरला."

"कशाला?"

"बोलले, रामदीन, दुसरी आहे. उघडू नको. दोन्हीकडून लोक घुसतील आणि रुळावर अडकतील. खरंच होतं ते. आपल्याकडे फाटक उघडलं की दोन्हीकडचे अख्खा रस्ता भरून उभे असतात, मधेच भिडतात, पाच मिनिटं कोणी हलत नाही. समोरून शाळेची एक गाडी होती, तुमच्या मागे एक होती. मी बोललो, साहेब, तुमचे वडील आहेत. ते बोलले, माहीत आहे मले."

मी त्याला जेवायला बसा म्हटलं. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "तुम्हाला तर सांगितलंच असेल त्यांनी." मी होय म्हटलं.

मला हे ऐकायचं नव्हतं. त्या दिवशी मी जेवले नाही आणि घरी येऊन दार लावून बसले. कोणाला वाटेल, भाऊ निर्दोष ठरला म्हणून मला बरं वाटलं असेल. मला भयंकर संताप आला. नऊ वर्षं हा माणूस माझे नळ दुरुस्त करत होता. माझ्या घरी बसून चहा पीत होता. एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला. वहिनींना सांगितलं असतं तर त्यांनी मला सांगितलं असतं. पण वहिनींनाही माहीत नव्हतं, मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं.  त्या म्हणाल्या, "मले म्हणत, नलूनं सांगितलं आहे, काही समजावून सांगायचं नाही. मी म्हटलं, अहो, ते रागात बोलल्या. तर म्हणे, रागात बोलली म्हणून काय झालं, बोलली ना." म्हणजे तो रुसला नव्हता. मी सांगितलं होतं ते करत होता. सिग्नल दिला म्हणजे दिला, तसं. मी तो परत घेतला नाही म्हणून नऊ वर्षं तो तिथंच थांबला. असा कसा कोणी थांबतो? माणसाच्या बोलण्याला असं कुलूप असतं का? त्याला विचारायचं आहे आणि तो नाही.

पंधरा दिवसांनी वहिनींनी बोलावलं. "ताई, यांच्या वह्या तुम्ही पाहा. मले त्यातलं काही समजत नाही, आणि रद्दीत द्यायले हात होत नाही." पत्र्याच्या दोन पेट्या निघाल्या. एकीत जुन्या वह्या, पहिल्या काहींवर माझं अक्षर, मग त्याचं. इंजिनांचे नंबर, पानामागून पान, चाळीस पंचेचाळीस वर्षांचे. शेवटची नोंद बाबा गेले त्याच्या आदल्या दिवसाची, रविवारची. त्यानंतर त्यानं इंजिनाचा नंबर एकदाही लिहिलेला नाही. जुन्या वह्या मी भराभर चाळल्या आणि परत ठेवल्या.

दुसऱ्या पेटीत नऊ जाड रजिस्टरं होती, एकेका वर्षाचं एकेक. पहिल्याचं पहिलं पान मी उभ्यानंच वाचलं.

'सोमवार. १४.०५ घर सोडले. १४.०९ फाटक बंद. १४.१३ अप मालगाडी. १४.१८ डाउन मालगाडी. १४.२१ फाटक उघडले. १४.२७ दवाखाना.'

शेवटच्या रकान्यात, जिथे इंजिनाचा नंबर लिहायचा तिथे, दोन्ही गाड्यांपुढे रेघ होती. नंबर पाहिला नव्हता.

पुढचं पान एक महिन्यानंतरचं. मग पुढे पुढे, आठवड्याचे चार पाच दिवस, दुपारचे दोन ते अडीच. फाटक किती वाजता बंद झालं, किती वाजता उघडलं, मधे कोणत्या गाड्या गेल्या. बंद झालंच नाही, असंही एखाद्या दिवशी लिहिलं आहे. आणि दर सोमवारी वेगळी नोंद, निळ्याऐवजी काळ्या शाईनं: 'पुलावरून.' चौदा पाचला घरून निघायचं, स्कूटरवर, ऑटोच्या वेगानं, असं त्यानं कंसात लिहून ठेवलं आहे, आणि पुलावरून, बाजारातून, दवाखान्याच्या दारापर्यंत. पोचण्याची वेळ. सोमवारचाच बाजार असतो तिथे. एका सोमवारी भाजीची गाडी आडवी आली, तेही लिहिलं आहे. एकदा वरात होती. वहिनी म्हणाल्या, "दुपारचं जेवण झालं का स्कूटर काढत. मी म्हटलं, ऊन किती आहे, कुठं चालले? वाचनालयात जातो म्हणत."

मी ती रजिस्टरं ऑटोत घालून घरी आणली. ग्रंथालयातली माणसं पुस्तक हातात आलं की आधी शेवट पाहतात. मीही शेवटचं रजिस्टर काढून शेवटचं लिहिलेलं पान पाहिलं. मला वाटलं तिथे बेरीज असेल, सरासरी असेल, एखादं वाक्य असेल. तो हिशेबी माणूस, निष्कर्ष काढल्याशिवाय राहणार नाही. तिथे फक्त त्या आठवड्याच्या नोंदी होत्या. फाटक कायमचं बंद झाल्यावरही त्यानं सोडलं नव्हतं. भिंतीपलीकडून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून वेळा लिहिल्या होत्या, आणि सोमवारची जुन्या पुलाची फेरी होतीच. बाकी काही नाही. मग मी स्वतः कागद घेऊन बसले. काही सोमवारी पुलावरून, आम्हाला त्या दिवशी लागलेल्या बावीस मिनिटांच्या आत पोचता येत होतं, काही सोमवारी जास्त वेळ लागत होता. एकदा चौदा मिनिटं लागली, एकदा एकोणतीस. त्या दिवशी बाजारात काय होतं हे आम्हाला माहीत नाही. त्यातून काही निघत नाही. त्यालाही ते कळलं असणार, पहिल्या वर्षातच कळलं असणार, तरी तो जात राहिला.

एक गोष्ट मात्र मला रजिस्टरं चाळताना दिसली आणि ती दिसल्यापासून मी जास्तच वैतागले आहे. रामदीनचा हात धरला त्याबद्दल त्यात कुठे काही नाही. उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब त्यानं एकाही पानावर केलेला नाही. तिथे त्याला शंका नव्हती. शंका होती ती त्याआधीच्या एका वाक्याबद्दल, ऑटोत बसल्या बसल्या घड्याळ पाहून म्हटलेल्या. दोन वीसपर्यंत कोणती गाडी नाही. साऱ्या जगाला मालगाडीचं सांगत फिरणारा माणूस त्या एका क्षणी ते विसरला. बाबांचा चेहरा पाहून विसरला असेल. फक्त वेळापत्रकातल्या गाड्या त्याच्या डोक्यात आल्या. हे एवढंच त्याला मला बाकावर सांगायचं होतं का? की मालगाड्या लागोपाठ आल्या, आणि मी विसरलो? मी त्याला पाच शब्दांच्या पुढे जाऊ दिलं नाही. आणि त्यानंही, मूर्खासारखं, नऊ वर्षांत एकदाही माझं न ऐकता बोलायचा प्रयत्न केला नाही. त्यानं हात धरून बसवायचं होतं मला. ओरडायचं होतं. बाकीच्या भावांसारखं भांडायचं होतं.

वहिनींची मुलगी म्हणते, आत्या, आता त्या वह्यांचं काय करायचं, कोणा रेल्वेवाल्या छंदी मंडळाला देऊन टाकू. जुन्या देऊ. इंजिनांच्या वह्या कोणाच्या तरी उपयोगी पडतील. या नऊ मी देणार नाही, आणि त्या नीट ठेवून द्याव्यात असंही मला वाटत नाही. रोज दुपारी दोन वाजता चष्मा पुसून मी बसते आणि जिथे खूण ठेवली आहे तिथून पुढे वाचते. अक्षर अजून तसंच वाईट आहे, सात आणि एक सारखेच दिसतात, एकेका पानाला वेळ लागतो. मधलं सोडून पुढे गेलं की संदर्भ तुटतो, म्हणून क्रमानं वाचते आहे. कधी कधी एखाद्या दिवशी त्याला फाटक उघडं सापडतं, नंतरही उघडंच, आणि तो पुढे लिहितो, 'आज गेलो असतो.' एवढंच. अशी पानं थोडी आहेत. ती आली की मी त्या दिवसापुरतं बंद करते.

तीन वह्या वाचून झाल्या आहेत. सहा राहिल्या आहेत.